माहिती बरोबर आहे

धण्यांचा वास बदलला तसा हेमांगीने गॅस बंद केला आणि कढई ओल्या फडक्यावर उतरवली. पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. मिरच्या भाजायच्या त्या सहाच्या आत, असा नियम तिने स्वतःला घालून घेतला होता. सहानंतर सिल्व्हर पार्कमधल्या त्या इमारतीत दारे उघडू लागत, आणि ठसका जिन्यात उतरला की तळमजल्यावरचे जैन आजोबा हळूहळू दोन मजले चढून येत आणि "बेन, आज फिर?" एवढेच विचारून परत जात. ते कधी भांडले नव्हते. भांडले असते तर तिला बरे वाटले असते.

लवंगी, बेडगी आणि काश्मिरी मिरची तिने वेगवेगळ्या कागदांवर पसरली होती. हॉलमध्ये पाय ठेवायला एक चिंचोळी वाट तेवढी उरली होती. साडेसहाला धनेश उठला आणि शेताच्या बांधावरून चालावे तसा हात पसरून त्या वाटेने न्हाणीघरात गेला. परत येताना तो तिच्या वहीपाशी थांबला.

"चारशे रुपये रोख, शेजारच्या विंगमधल्या बाई," त्याने मोठ्याने वाचले. "रोकडीचं पण लिहितेस? रोकड काय जाऊन बोलते का कुणाला?"

"मला बोलते."

"मग दोघी बसा गप्पा मारत," तो म्हणाला आणि डबा घेऊन औषध कंपनीच्या गोदामात कामाला निघून गेला.

सातनंतर तिने मागच्या आठवड्यात डंकावरून कांडून आणलेला मसाला तोलायला घेतला. पाव किलोच्या पिशवीत ती दोन ग्रॅम जास्त भरी. ते पिशवीचे वजन. बत्तीस पिशव्या झाल्या, सील झाल्या, चिकटपट्ट्या लागल्या. नऊ वाजता अंघोळ करून तिने तीन वर्षांच्या तीन वह्या कापडी पिशवीत घातल्या. केबिन रोडवरच्या एका मोठ्या किराणा दुकानदाराने तिचा मसाला ठेवायची तयारी दाखवली होती, पण त्याला पक्के बिल हवे होते, कागद हवे होते. कागद करायचे तर आधी रिटर्न भरले पाहिजे, असे कृतिकाने सांगितले होते. हेमांगीने मुदत ठेवीत चार लाख साठवले होते. त्यातून भाड्याचा एक लहान गाळा आणि भाजणी-कांडणीचे यंत्र येणार होते. मग पहाटे खिडक्या लावून खोकत बसायला नको होते, आणि आजोबांना जिना चढायला नको होता.

कृतिका समोरच्याच इमारतीत राहत असे आणि स्वतःच्या हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर लोकांचे कर भरून देत असे. वय सत्तावीस, चष्मा, बोलणे भरभर. वह्या चाळताना मात्र ती हळू झाली.

"काकू, हे काय? 'घरी वापरला, अर्धा किलो.'"

"तो विकलेला नाही ना. विक्रीत कसा धरणार?"

"माझ्याकडे सोन्याच्या दुकानाचे मालक येतात. त्यांना ही वही शिकवणीला लावली पाहिजे." तिने पान उलटले. "आणि हे दर महिन्याला आठ हजार, 'चेणे' म्हणून?"

"आईचं. डायलिसिस चालू होतं. भावाकडे देत होते, तो चेण्याला असतो. आई गेली फेब्रुवारीत."

कृतिकाने मान हलवली. "हे धंद्याच्या खर्चात येत नाही. बाजूला ठेवते."

"बाजूलाच ठेव. म्हणून तर लाल शाईनं लिहिलंय."

मग तिने लॅपटॉप ओढला आणि हेमांगीचा पॅन क्रमांक टाकला. करखात्याच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाचे खाते आधीच उघडलेले होते. ज्या मोबाइलशी ते जोडले होते त्याचे शेवटचे तीन आकडे तेवढे दिसत होते. हेमांगीने ते ओळखले. तिला नवल वाटले नाही.

"दादाचा नंबर. माझं पॅन त्यानंच काढून दिलं. आमचा हक्कसोडाचा कागद झाला ना दोन वर्षांपूर्वी, तेव्हा लागलं होतं."

"हक्कसोड म्हणजे जमिनीवरचा हिस्सा सोडलात तुम्ही?"

"सोडला म्हणजे काय, आमच्यात बहिणी घेतच नाहीत. आगऱ्यांत हिस्सा मागितला की माहेर संपलं." हे ती थोड्या अभिमानाने म्हणाली. "भावानं साडी केली, वहिनीनं ओटी भरली. झालं."

कृतिकाने आधार कार्डावरून खाते हेमांगीच्या स्वतःच्या मोबाइलला जोडून घेतले. मग म्हणाली, "आता सरकारला तुमच्याबद्दल काय काय ठाऊक आहे ते बघू. व्याजबीज दिसतं इथं." पडद्यावर एक लांब तक्ता उघडला. तिने तो वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर सरकवला आणि तिचे बोट थांबले.

"काकू, तुम्ही गेल्या सप्टेंबरात जमीन विकलीत?"

"मी? नाही बाई."

"चेणे. साडेअकरा गुंठे. तीन विकणारे आहेत. तुमच्या हिश्श्याचे अठ्ठेचाळीस लाख."

हेमांगी हसली. आवाज काढून, मोकळेपणी हसली. "दुसरी कुणीतरी हेमांगी असेल."

"पॅनला दुसरी हेमांगी नसते."

कृतिकाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. हेमांगीने आपले नाव वाचले, नवऱ्याचे नाव वाचले, आडनाव वाचले. आकडा तिने एककापासून मोजत वाचला, लहान मूल वाचते तसा. बोट पडद्याला लावून. मग पुन्हा उलट बाजूने मोजला. तिच्या बोटाला मसाल्याचा लाल रंग लागलेला होता आणि त्याचा एक पुसट डाग पडद्यावर उमटला. तिने पदराने तो पुसला. डाग गेला, आकडा होता तसाच राहिला.

"पण सप्टेंबरात..." ती म्हणाली आणि थांबली.

सप्टेंबरात तिने सही केली होती. दोन वर्षांपूर्वी हक्कसोड झाला खरा, पण मागच्या सप्टेंबरात भावाचा, शिवदासचा, पुन्हा फोन आला होता. जुन्या कागदात काहीतरी चूक राहिली, परत एकदा यावे लागेल. निबंधकाच्या कचेरीत त्या दिवशी बसायला जागा नव्हती. आई चाकाच्या खुर्चीत होती, तिच्या हाताला नुकतीच सुई टोचल्याची पट्टी होती. सगळ्यांचे फोटो काढले, अंगठे घेतले. खिडकीमागच्या माणसाने "मान्य आहे का?" असे विचारले, तेव्हा हेमांगीने शिवदासकडे पाहिले आणि "हो" म्हटले. कागदाची चळत तिच्या हाताखालून पानापानाने सरकत होती. जिथे बोट ठेवले जाई तिथे ती सही करत होती. तिला वाचता येत होते. ती बारावी झालेली होती. पण भावाने पुढे केलेला कागद चार लोकांत वाचणे म्हणजे तुझ्यावर माझा विश्वास नाही, असे चार लोकांत सांगणे. तिच्या आईने तसे कधी केले नव्हते, आत्यांनी केले नव्हते. शिवदासने वाचायला दिला असता तरी तिने तो परत केला असता.

"पैसे कुठल्या खात्यात आले? आठवतंय?" कृतिका विचारत होती.

"काशीमिऱ्याच्या बँकेत एक जुनं खातं आहे. बाबांनी माझ्या लग्नासाठी उघडलेलं. दादाचं आणि माझं. पुस्तक त्याच्याकडेच असतं."

स्वयंपाकघरात जाऊन कृतिकाने पाण्याचा ग्लास आणला. हेमांगीने तो हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. मग तिने वही जवळ ओढली. ऑक्टोबरचे पान. चेणे, आठ हजार. नोव्हेंबर. डिसेंबरात तिने नऊ दिले होते, कारण थंडीत आईला जास्तीचे औषध लागले होते. जानेवारी. प्रत्येक ओळीवर ती बोट ठेवत गेली. फेब्रुवारीत आईचे दिवस घालायला दिलेले पाच हजारही लाल शाईत होते.

"काकू," कृतिका जपून म्हणाली, "तीन रस्ते आहेत. इथं प्रत्येक माहितीपुढे आपण उत्तर द्यायचं असतं. माहिती बरोबर आहे, किंवा ही माहिती माझी नाही. माझी नाही म्हटलंत तर करखातं चौकशी करणार, आणि दस्तावर तुमचा फोटो आहे, अंगठा आहे. दुसरं, फसवणूक झाली म्हणून तक्रार करायची. पोलिसात."

"भावावर?"

"हो. आणि तिसरं, बरोबर आहे म्हणायचं आणि कर भरायचा. जमिनीची दोन हजार एक सालची किंमत वगैरे धरून, घेणाऱ्यानं आधीच कापलेला कर वजा करून, व्याजासकट पावणेचार लाखांच्या आसपास जाईल."

"न मिळालेल्या पैशांवर."

"कागदावर मिळालेले आहेत."

हेमांगी उठली. "वह्या राहू देत इथंच," ती म्हणाली. दारात तिला चपला सापडेनात. त्या तिच्या पायातच होत्या. कृतिकाच्या घरात ती चपला न काढताच शिरली होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आले.

चेण्याला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. घोडबंदर रस्त्यावरून रिक्षा आत वळली तशी उजव्या हाताला निळ्या पत्र्यांची कुंपणभिंत सुरू झाली. हेमांगी या वाटेने मागच्या वर्षभरात सात-आठ वेळा आली होती. पत्रे तिने पाहिले होते. दादाने जमीन विकली, त्याची होती, त्याने विकली, एवढे तिला माहीत होते. आज मात्र ती पत्रे संपेपर्यंत मान वळवून पाहत राहिली.

शिवदास जेवायला बसला होता. रेती-खडी पुरवायचा त्याचा धंदा होता. घर नवे, दुमजली, जिन्याला स्टीलचे चकचकीत कठडे. शालनवहिनी तिला पाहून हात पुसत पुढे आली.

"अगो बाय, फोन न्हाय काय न्हाय. बस, पान घेतंय. आज बोंबील हायत."

"नको वहिनी. भूक नाही."

"बोंबलाला भूक लागतं काय?" शिवदास म्हणाला. "बस. तुझाच मसाला हाय त्याच्यात."

हेमांगी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"दादा, मी जमीन विकली का?"

त्याचा घास हातातच राहिला. त्याने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"कोन बोलला तुला?"

"सरकारच्या कागदात आहे. मी रिटर्न भरायला गेले होते."

"रिटर्न," तो म्हणाला. कुणीतरी घरातल्या बाईला दारूच्या दुकानापाशी पाहिल्याचे सांगावे, तसा त्याचा चेहरा झाला. "कनाला? मसाल्याच्या पुडीवर कोन टॅक्स भरतंय? सगला बाजार तसाच चाललाय आनि तूच एक सरकारची सून झालीस?"

"तो कागद हक्कसोडाच्या दुरुस्तीचा होता, असं तू सांगितलंस."

"पयला हक्कसोड केलेलाच ना आपन. तो नीट चढलाच न्हाय सातबाऱ्यावर. मग घेनाऱ्याचा वकील बोलला, आता तो राहू द्या, बहिनीला पन विकनारी म्हनून घ्या, आयला पन घ्या. टॅक्स तिघांत वाटला जातो. मी काय शिकलेला हाय? तो बोलला, मी केला."

"मला सांगायचंस."

"तू विचारलास?"

त्याने हे उलट बोलायचे म्हणून विचारले नव्हते. त्याला खरेच उत्तर हवे होते. शालनवहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ताट होते, वाढलेले.

"आठ हजार," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"दर महिन्याला मी आठ हजार देत होते आईसाठी. सप्टेंबरनंतरही. माझ्या नावावर तेव्हा अठ्ठेचाळीस लाख होते, आणि मी डंकवाल्याची उधारी करून तुला आठ हजार देत होते. तू घेत होतास."

शिवदासने ताटात हात धुतला. बराच वेळ, एकेक बोट.

"आयला तुझा पैसा लागायचा," तो म्हणाला. "दर महिन्याला विचारायची, हेमीनं पाठवला काय. पाठवला बोललो की बरा वाटायचा तिला. मी न्हाय घेतला असता तर तिला काय सांगितला असता? पोरीला गरज न्हाय, ती लखपती झाली, म्हनून?"

हे खरे असावे असे हेमांगीला वाटले. आणि हे खरे असले तरी त्याने पैसे त्यासाठी घेतले नव्हते, असेही वाटले. दोन्ही एकाच वेळी वाटत होते, आणि कोणतेही एक मागे हटत नव्हते.

"टॅक्स पावणेचार लाख येतोय," ती म्हणाली. "तू भरशील?"

त्याने घराकडे, वर छताकडे हात केला. "सगला हितं हाय, बघ. डंपरचं हप्ते हायत. आयच्या दवाखान्यात किती गेला, माझा मना म्हायती. दिवाळीनंतर निम्मा देईन कदाचित." मग तो पुढे झुकला, त्याचा आवाज मऊ झाला. "तू कनाला भरतेस पन? तिथं एक बटन असतो. ही माहिती माझी न्हाय. तो दाब आनि मोकली हो. पुढचा वकील बघंल."

"माझा अंगठा आहे, दादा."

"अंगठा? आपल्या आज्याचा पन अंगठा होता मिठागराच्या कागदावर. त्याला कोनी विचारला परत? अंगठ्याला कोन विचारतं, बाय?"

"आणि बरोबर आहे म्हटलं तर?"

"तरी पन काय न्हाय. तुझ्या खात्यातनं माझ्या खात्यात आला तो भेट म्हनून दाखवायचा. बहिनीनं भावाला दिली भेट. वकिलानं सांगितलाय, त्याच्यावर टॅक्स न्हाय." हे तो समजूत काढल्यासारखे म्हणाला. "पन त्याच्यापरीस बटन बरा. तुझी मशीन येल. तुझा धंदा होईल. मी काय तुझा वाईट बघतंय?"

ती उठली तेव्हा तो उठला नाही. शालनवहिनी रिक्षापर्यंत सोडायला आली. वाढलेले ताट तिने कुठे ठेवले होते कुणास ठाऊक. आता तिच्या हातात पिशवीत बांधलेले चार पेरू होते.

"मी बोललेली त्यांना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कागद व्हायच्या आदी. बायला सांगा, बोललेली."

हेमांगीने तिच्याकडे पाहिले. वहिनीला ठाऊक होते. आईलाही ठाऊक होते का?

"राखीला येशील ना?" शालनवहिनीने विचारले.

रिक्षावाल्याने मीटर टाकले. हेमांगीने पेरू मांडीवर घेतले. काशीमिऱ्याचा पूल आला तरी आपण वहिनीला उत्तर दिले की नाही, हे तिला आठवेना.

संध्याकाळी धनेशने सगळे ऐकून घेतले. त्याने मध्ये एकदाही विचारले नाही. फक्त आकडा ऐकून तो उठला आणि पंखा वाढवून परत येऊन बसला.

"तू सांग ना काहीतरी," ती म्हणाली.

"मी सोड म्हटलं तर उद्या म्हणशील, तूच म्हणालास. मी भांड म्हटलं तर राखीला म्हणशील, तुझ्यामुळं माहेर गेलं. तुझ्या माहेरचं आहे. मी आपला पेरू कापतो."

त्याने खरेच पेरू कापला. तिखट-मीठ लावून एक फोड तिच्या हातात दिली. ती तिने खाल्ली. मग अचानक म्हणाली, "ती जमीन माझी होती, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. माझी होती म्हणून विकली ना त्यांनी माझ्या नावावर? नसती तर कशी विकली असती?"

धनेशने सुरी खाली ठेवली.

"मी लोकांना सांगत होते, मी हिस्सा सोडला म्हणून," ती म्हणाली. "हिस्सा कसला ते माहीत नसताना."

दुसऱ्या दिवशी तिने मिरच्या भाजल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजल्या, आणि काश्मिरी करपली. चार किलो मिरची तिने कचऱ्यात टाकली. त्या तीन दिवसांत शिवदासचे दोन फोन येऊन गेले. पहिल्यात तो म्हणाला, बटनाचा काय झाला. दुसऱ्यात म्हणाला, आयच्या फोटोला हार नवा आनलाय. तिने दोन्ही वेळा "बरं" म्हटले. त्याचा राग यावा म्हणून ती वाट पाहत होती, पण राग येईना.

चौथ्या दिवशी ती बँकेत गेली आणि मुदत ठेव मोडली. काउंटरवरच्या बाईंनी, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल, असे दोनदा सांगितले. यंत्रवाल्याला तिने तिथूनच फोन केला. यंदा नको, म्हणाली. त्याने भाव कमी करून पाहिला. भावाचा प्रश्न नाही, असे तिने सांगितले.

कृतिकाने तक्ता उघडून ठेवला होता. तिच्या आईने आतून चहा पाठवला होता.

"काकू, विचार केलात ना? तक्रारीचाही केलात?"

"केला."

"मग?"

"भावाला पोलिसात नाही देणार मी. पण खोटं पण नाही लिहिणार. सही माझी आहे. मी तिथं उभी होते. हो मीच म्हणाले." तिने खुर्ची पुढे ओढली. "कुठं दाबायचं ते मला दाखव. मी दाबते."

कृतिकाने दाखवले. हेमांगीने 'माहिती बरोबर आहे' या पर्यायावर बाण नेला. तो दोनदा खाली घसरला, कारण माउस वापरायची तिला सवय नव्हती. तिसऱ्या वेळी तो तिथे थांबला आणि तिने दाबले. काही झाले नाही. एका ओळीचा रंग तेवढा बदलला. पुढचा अर्धा तास मसाल्याच्या विक्रीचे आकडे भरण्यात गेला, रोख, ऑनलाइन, उधार. मग कर भरला गेला. तिच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला आणि तिने तो वाचून फोन पालथा ठेवला.

"आता एकच," कृतिका म्हणाली. "पैसे तुमच्या खात्यातून भावाच्या खात्यात गेले. मी तुमच्या मालमत्तेचं एक पत्रक बनवते, त्यावर तुमची सही लागेल. त्यात ते कशात दाखवू? भेट लिहिलं की विषय संपतो. भाऊ-बहिणीत भेटीवर कर नाही."

"त्याच्या वकिलानंही तेच सांगितलंय."

"बहुतेक जण तेच करतात."

"आणि भेट नाही लिहिलं तर?"

"मग उसने. म्हणजे ते तुमचे आहेत आणि त्यांच्याकडे आहेत. फेडेपर्यंत दर वर्षी पत्रकात येत राहतील." कृतिकाने चष्मा काढला. "खरं सांगायचं तर दोन्ही खरं नाही. तुम्ही भेट दिली नाही, उसने पण दिले नाहीत. पण तिसरा शब्द नाही माझ्याकडे."

हेमांगी खिडकीबाहेर पाहत राहिली. समोरच्या इमारतीत तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, मिरच्यांच्या धुराने वरच्या बाजूला काळसर झालेली.

"त्यानं मागितले असते तर मी दिले असते," ती म्हणाली. "सगळे. साडीसुद्धा नको म्हटलं असतं. आईची शपथ, दिले असते."

कृतिकाने चष्मा पुन्हा लावला.

"पण मी दिलेले नाहीत," हेमांगी म्हणाली. "उसने लिही."

पत्रकाच्या दोन प्रती निघाल्या. पहिली तिने वरपासून खालपर्यंत वाचली, मग दुसरी. दोन्हींवर सही केली. मोबाइलवर भावाला पाठवू का, असे कृतिकाने विचारले, तेव्हा तिने नको म्हटले आणि एक पाकीट मागून घेतले. पत्ता तिने तिथेच बसून लिहिला. चेणे, घोडबंदर रस्ता. शिवदासच्या नावामागे तिने आजवर कधी श्री. लिहिले नव्हते, या वेळी लिहिले. आत दुसरी चिठ्ठी ठेवावी असे तिला एकदा वाटले. काय लिहायचे ते सुचले नाही, आणि तिने पाकीट चिकटवले.

टपाल कचेरीत रांग होती. पुढे उभा असलेला माणूस गावी पैसे पाठवत होता आणि काउंटरवरच्या मुलीला गावाचे नाव तीनदा सांगत होता. हेमांगीची पाळी आली. मुलीने पाकीट तोलले, रजिस्टर का असे विचारले, हो म्हटल्यावर शिक्का मारून ते मागच्या पोत्यात टाकले आणि पावती पुढे केली.

पावती हातात घेऊनही हेमांगी तिथेच उभी राहिली. पोत्याचे तोंड उघडे होते. मागच्या माणसाने जरा वेळ वाट पाहिली आणि मग विचारले, "हो गया क्या, दीदी?"

"हो गया," ती म्हणाली आणि बाजूला झाली.